जुन्या लष्करी रायफलींसाठी घरी काडतुसे भरताना पैसे नेमके कुठे वाचतात

तुमचा प्रश्न असा आहे: एक नंबर ४ ली-एन्फिल्ड आणि एक ९१/३० मोझिन-नागां अशा दोन रायफली आहेत. कारखान्याची काडतुसे परवडेनाशी झाली म्हणून घरी भरायला घेतली, पण थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे ली-एन्फिल्डच्या काडतुसाच्या, पुंगळ्या (पितळी कवचे) तिसऱ्या-चौथ्या वेळी बुडाजवळ तुटतात. जुन्या लष्करी काडतुसांची एक पेटी स्वस्तात मिळते आहे, ती फोडून आतली दारू आणि गोळ्या वापराव्यात का? ओतीव शिशाच्या गोळ्यांनी नळी खराब होते का? आणि शेवटी, प्रेस, म्हणजे काडतुसे भरायचे दांड्याचे यंत्र, कोणता घ्यावा?

खर्च वाचतो तो पुंगळी टिकवण्यात, गोळी स्वतः ओतण्यात आणि लोड, म्हणजे काडतुसातला दारूचा भरणा, हलका ठेवण्यात. स्वस्तातली दारू शोधणे, जुनी काडतुसे फोडणे, बरडान (वेगळ्या प्रायमर-पद्धतीच्या, बहुधा लष्करी) पुंगळ्यांशी झटापट करणे यात वेळ भरपूर जातो आणि हाती जवळजवळ काहीच लागत नाही. घरी काडतुसे भरायला सगळीकडे परवानगी नसते, तेव्हा तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते पाहिलेच असेल असे धरून पुढे लिहितो.

काडतुसाचे चार भाग: पुंगळी, प्रायमर (बुडात बसणारी, दारू पेटवणारी टिकली), दारू, गोळी. यातले तीन चाप ओढला की संपले. पुंगळी तेवढी परत हातात येते, आणि नवी घ्यायला गेलात तर बहुधा तीच सगळ्यांत महाग असते. तीन बारांनंतर फेकली तर तिच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा प्रत्येक बारावर चढतो. पंधरा बार टिकवली तर पंधरावा. दारूच्या डब्यामागे थोडीफार सूट मिळवायला लोक महिनोन्‌महिने थांबतात आणि इकडे पुंगळ्या भंगारात घालतात, हे मला कधी समजलेले नाही.

आता तुमच्या पुंगळ्या का तुटतात ते पाहू. दोष पितळेचा नाही, बहुधा रायफलीचाही नाही. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी बुडाच्या कडेवर अडते, खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नाही. ली-एन्फिल्डचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, पुढच्या बाजूला मुद्दाम सैल ठेवलेले असते, कारण चिखलाने माखलेले आणि युद्धकाळात घाईने बनवलेले काडतूसही त्यात बसायला हवे होते. सैन्याला पुंगळी दुसऱ्यांदा वापरायचीच नव्हती, त्यामुळे त्यात काही गैर नव्हते. बार होतो तेव्हा पुंगळीची पुढची पातळ भिंत दाबाने फुगून चेंबरला घट्ट चिकटते. जाड बूड मात्र मागे बोल्टच्या (काडतूस मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) तोंडापर्यंत सरकते. त्यात बोल्टला जागी धरणाऱ्या कड्या मागच्या टोकाला असल्याने पूर्ण दाबाखाली सगळी यंत्रणा किंचित ताणली जाते. हा सगळा ताण पुंगळीच्या एकाच पट्ट्यावर येतो, बुडाच्या लगेच वर, जिथे जाड भाग संपून पातळ भिंत सुरू होते.

हे पहिल्या बाराला होते. नंतर तुम्ही पुंगळी फुल-लेंथ डायमध्ये (पूर्ण पुंगळी आवळून मापात आणणाऱ्या पोलादी साच्यात) पूर्ण खाली दाबता, पुढे आलेला खांदा परत मागे ढकलता, आणि पुढच्या बाराला तोच पट्टा पुन्हा ताणला जातो. तीन-चार फेऱ्यांत तो कागदासारखा पातळ होतो आणि बूड वेगळे होऊन हातात येते. म्हणजे पुंगळी रायफल कमी तोडते, तुमचा डाय जास्त तोडतो.

उपाय दोन टप्प्यांत आहे. नव्या पुंगळीचा पहिला बार सौम्य लोडने करा. त्या वेळी कडेच्या लगेच पुढे एक बारीक, मऊ रबरी ओ-रिंग चढवा. बोल्ट बंद करताना ती किंचित दबते आणि पुंगळीचे बूड बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवते. मग बार झाला की बूड मागे सरकत नाही, खांदाच पुढे फुगून चेंबरचा आकार घेतो. ताण बुडाजवळच्या पट्ट्यावर न येता खांद्यावर येतो, आणि तिथे तो पुंगळीला सोसतो. बोल्ट बंद करायला जोर लावावा लागत असेल तर रिंग जाड आहे, पातळ घ्या.

दुसऱ्या टप्प्यापासून फक्त मान आवळा. त्यासाठी नेक-सायझिंग डाय मिळतो. फुल-लेंथ डायच असेल तर तो थोडा वर फिरवून ठेवा. किती वर, ते कळायला पुंगळीचा खांदा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी धरू द्या आणि डायमध्ये घाला. काजळी मानेवर पुसली गेली पण खांद्यावर जशीच्या तशी राहिली, म्हणजे डाय खांद्याला टेकतही नाही. तिथेच लॉक करा. काही बारांनंतर बोल्ट जड बंद व्हायला लागला की डाय एका वेळी अगदी थोडा खाली घ्या, बोल्ट सहज बसेपर्यंत आणि त्यापुढे नाही. अशा रीतीने तुमची थ्री-नॉट-थ्री कडेऐवजी खांद्यावर अडायला लागते. हलक्या आणि मध्यम लोडवर अशी पुंगळी बहुधा बुडाजवळ तुटतच नाही. शेवटी मानेला चीर पडून निकामी होते, आणि तो तिचा योग्य शेवट आहे.

याची अट एकच: पुंगळ्या रायफलीप्रमाणे वेगळ्या ठेवायच्या. एका ली-एन्फिल्डमध्ये फुगलेली पुंगळी दुसरीत बसेलच असे नाही. डब्यावर रायफलीचा क्रमांक आणि किती वेळा भरली ते लिहा.

आत्ता तुमच्याकडे ज्या पुंगळ्या आहेत त्यांपैकी कोणत्या वापरण्याजोग्या राहिल्या आहेत, हे तपासायला पैसे लागत नाहीत. कागदाला लावायची एक पोलादी क्लिप सरळ करा. तिचे टोक कानशीवर घासून अणकुचीदार करा आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवा. हा आकडा पुंगळीच्या तोंडातून थेट बुडापर्यंत सोडा, टोक भिंतीला टेकवा आणि सावकाश वर ओढा. सुदृढ पुंगळीत टोक जाड भागावरून पातळ भिंतीवर सलग, गुळगुळीत सरकते. ताणलेल्या पुंगळीत बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर टोक एका खाचेत अडखळते. एकदा ते बोटांना जाणवले की मग चूक होत नाही. बाहेरून त्याच जागी कधी कधी चकचकीत वलय दिसते, पण वलय दिसेपर्यंत थांबू नका, आतली खाच आधी येते. खाच लागली की पुंगळी पक्कडीने चेपून टाका, म्हणजे ती चुकून परत डब्यात जाणार नाही. खात्री हवी असेल तर अशी एक पुंगळी उभी कापून पाहा. भिंत किती खाल्ली गेली आहे ते दिसते.

नंबर ४ च्या बोल्टची डोकी ० ते ३ अशा क्रमांकांची येतात. मोठा क्रमांक लावला की हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून पुंगळी अडते तिथपर्यंतचे अंतर, कमी होते. पुंगळ्या तुटताहेत म्हणून लोक सगळ्यात आधी हे डोके शोधायला धावतात. आधी हे अंतर गेजने (मापकाने) मोजा. गेज ठीक सांगत असेल तर डोके बदलून फारसे काही साधणार नाही, कारण तुमची अडचण खांद्यापुढच्या मोकळ्या जागेची आहे. गेज नापास करत असेल तर मात्र रायफल बंदूक-कारागिराला दाखवेपर्यंत एकही बार काढू नका.

मानेला चिरा लवकर पडू लागल्या तर मान तापवून मऊ करायची, म्हणजे अ‍ॅनीलिंग. साधी रीत अशी: पुंगळी बुडाकडून उघड्या बोटांत धरा, मान मेणबत्तीच्या ज्योतीत फिरवत राहा, बोटांना चटका बसायला लागला की ओल्या फडक्यावर टाका. बोटे हीच सुरक्षेची मर्यादा. बूड कधीही तापू द्यायचे नाही. मऊ बूड म्हणजे दाबाखाली फाटणारे बूड.

मोझिनलाही यातले बहुतेक सगळे लागू आहे, तिचेही ७.६२×५४ आर काडतूस कडेवरच अडते. तिथे खरी अडचण पुंगळी मिळवण्याची. लष्करी साठ्यातल्या पुंगळ्या बऱ्याचदा लाखेचा किंवा तांब्याचा थर दिलेल्या पोलादी असतात आणि बरडान प्रायमरच्या असतात. बरडान पद्धतीत ऐरण पुंगळीतच असते आणि आगीची दोन बारीक भोके बाजूला असतात, त्यामुळे नेहमीच्या डायची मधली सुई प्रायमर बाहेर काढू शकत नाही. पुंगळीत पाणी भरून घट्ट बसणारा दांडा वरून ठोकला तर पाण्याच्या दाबाने प्रायमर निघतो, किंवा आकड्याच्या हत्याराने उपसून काढता येतो. जमते हे खरे. पण नवा बरडान प्रायमर योग्य मापाचा मिळणे कठीण, आणि एकेका पुंगळीमागे जाणारा वेळ पाहता मी हा उद्योग कुणालाही सुचवत नाही. बॉक्सर प्रायमरच्या, म्हणजे मधोमध एकच भोक असलेल्या, पितळी पुंगळ्या घ्या. सर्बियाची प्रवी पार्टिझान कंपनी या जुन्या लष्करी काडतुसांपैकी बहुतेकांसाठी बॉक्सर पुंगळ्या बनवते. रिकाम्या पुंगळ्या आणि भरलेली काडतुसे यांच्या किमतीत फार अंतर नसेल तर भरलेलीच घ्या. एक बार पदरात पडतो आणि पुंगळी तुमच्याच चेंबरच्या मापाची होऊन मिळते.

आता त्या पेटीकडे येऊ. फोडण्यासाठी घेऊ नका. आतली दारू कोणती, किती वेगाने जळणारी, हे कुणालाच ठाऊक नसते. दाणे दिसायला सारखे असले म्हणून दारू सारखी ठरत नाही. मॅन्युअलमधले (मापांच्या छापील पुस्तकातले) माप अशा दारूला लावणे म्हणजे अंदाजाने दाब ठरवणे. पुंगळ्या बरडान, म्हणजे त्याही फुकट. उरल्या गोळ्या. मोझिनच्या हलक्या लष्करी गोळ्या वापरता येतात, पण त्यांत बऱ्याचदा पोलादी गाभा असतो आणि पुष्कळ रेंजवर त्या चालत नाहीत. चुंबक लावून पाहा. मात्र नुसते वेष्टन पोलादी असले तरी चुंबक चिकटतो, त्यामुळे एक गोळी कापून पाहिल्याशिवाय गाभ्याचे नक्की कळत नाही.

पेटीचा खरा उपयोग आहे तशी झाडण्याचा. नेमबाजांत एक जुनी युक्ती आहे, तिला मेक्सिकन मॅच म्हणतात: काडतुसातली लष्करी गोळी काढायची, त्याच पुंगळ्यांमधली दारू वजन करून सगळ्यांत सारखी करायची आणि तेवढ्याच वजनाची चांगली गोळी वर बसवायची. याने नेम सुधारतो. खर्च वाढतोच.

झाडण्याआधी दोन-चार काडतुसे उघडून दारू बघा. आंबट, झोंबणारा वास, तांबूस-तपकिरी धूर किंवा पूड, आतून हिरवी पडलेली पुंगळी, यातले काहीही दिसले तर पेटी बाद. बार उशिराने होऊ शकतो, म्हणून चाप ओढून काही झाले नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. आणि जुने लष्करी प्रायमर बहुधा नळी गंजवणारे असतात. त्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड हे क्षार तयार होते, ते हवेतली ओल ओढते आणि पोलाद खाते. तेलाने ते विरघळत नाही, पाण्यानेच निघते. नळीतून आणि बोल्टच्या तोंडावरून गरम पाणी, मग कोरडे, मग तेल, त्याच दिवशी. लोक महागडे सॉल्व्हंट ओततात आणि आठवड्याने तांबूस नळी बघून हळहळतात.

पुंगळी सांभाळली की दुसरा मोठा खर्च गोळीचा. दोन्ही रायफली असण्याचा तुम्हाला इथे चांगला फायदा आहे: दोघींच्या नळ्या साधारण एकाच मापाच्या. तांब्याच्या वेष्टनाच्या गोळ्या दोघींना ०.३१० ते ०.३१२ इंचाच्या लागतात. नेहमी सहज मिळणाऱ्या ०.३०८ च्या गोळ्या घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका. त्या नळीतल्या आट्यांत (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचांत) नीट भरत नाहीत आणि निशाणावर आडव्या पडतात. ली-एन्फिल्डची नळी बरीच झिजलेली असेल तर नावेसारख्या निमुळत्या बुडाच्या गोळीपेक्षा सपाट बुडाची गोळी चांगली चालते. थ्री-नॉट-थ्रीच्या मूळ लष्करी मार्क ७ काडतुसाची गोळीही सपाट बुडाचीच होती: वजन १७४ ग्रेन (वजनाचे एक लहान माप), वेग सेकंदाला सुमारे २४४० फूट.

बचत खरी होते ती ओतीव गोळीत. शिशाने नळी खराब होत नाही. शिसे तांब्यापेक्षा मऊ, झीज उलट कमीच. नळीत शिसे चिकटते ते गोळी नळीपेक्षा बारीक असल्यामुळे: मागचा तापलेला वायू फटीतून पुढे घुसतो, गोळीच्या कडा वितळवतो आणि ते शिसे आट्यांना लागते. म्हणून गोळी आट्यांच्या तळाच्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड हवी. हा व्यास मोजल्याशिवाय साचा विकत घेऊ नका. तेल लावलेल्या नळीत मऊ शुद्ध शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने ठोकून आरपार ढकला आणि मायक्रोमीटरने मोजा. मोझिनला चार आटे, समोरासमोर, मोजणे सोपे. नंबर ४ ला पाच असले तर उंचवट्यासमोर खाच येते आणि साध्या मायक्रोमीटरने माप चुकते. त्यासाठी व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. युद्धकाळातल्या काही नंबर ४ नळ्यांना दोनच आटे आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही. ०.३१४ च्या आसपासच्या नळ्याही निघतात. ली कंपनीचा ०.३१२ इंच, १८५ ग्रेनचा साचा पुष्कळांना पुरतो, पण तुमची नळी मोठी निघाली तर त्याची गोळी तिला बारीक पडेल.

ओतण्याआधी नळीतले जुने तांबे पूर्ण काढा. तांब्याच्या थरावर शिसे लगेच धरते आणि मग दोष गोळीला लागतो.

शिसे म्हणून चाकांच्या बॅलन्सिंगची वजने मिळाली तर उत्तम. क्लिपवाल्या वजनांत थोडे अँटिमनी असते, म्हणून ती कडक. चिकटवायची वजने जवळजवळ शुद्ध शिशाची, मऊ. मात्र आजकाल त्यांत जस्ताची आणि लोखंडाची वजनेही मिसळलेली असतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त सुमारे ४२० ला. पहिल्यांदा वितळवताना तापमान ४०० च्या खाली ठेवले तर जस्ताची वजने तशीच वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाकता येतात. जस्त एकदा मिसळले की भांडेभर शिसे दह्यासारखे गुठळ्यांचे होते आणि साचा भरत नाही. शेकडा दोन भाग कथील घातले की कडा रेखीव उतरतात. गाड्यांच्या बॅटरीतले शिसे घरी कधीही वितळवू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो. उघड्यावर किंवा भरपूर वारा असलेल्या जागी ओता, वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, तो स्फोटासारखा उडतो. काम झाले की साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नका आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

एका पौंडात ७००० ग्रेन. म्हणजे १८५ ग्रेनच्या गोळ्या पौंडभर शिशात साधारण ३७ निघतात. बुडाला तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस-चेक, बसवली की गोळीला बराच वेग सोसतो. तिच्याशिवाय सेकंदाला १२००-१३०० फुटांच्या आत राहा. गॅस-चेक हा या सगळ्यातला एकच भाग विकत घ्यावा लागतो, आणि तो घ्याच.

आता हलका लोड. हिशोब त्याच ७००० वर: पूर्ण लोडला समजा ४० ग्रेन दारू लागत असेल तर पौंडात १७५ काडतुसे, हलक्याला १६ लागत असेल तर ४३७. हे आकडे फक्त हिशोबापुरते आहेत, त्यांना माप समजू नका. माप घ्यायचे ते दारू बनवणाऱ्याच्या किंवा गोळी-साचा बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून, त्याच दारूचे, त्याच वजनाच्या गोळीसाठीचे, आणि खालच्या टोकापासून सुरुवात करून. दारू वाचते ती वाचतेच. पुंगळीवरचा ताण, नळीची झीज आणि खांद्याला बसणारा धक्का हे सगळे त्याच वेळी कमी होते. मोझिनचा पोलादी बट-प्लेटचा (टोकाला पट्टी असलेला) दस्ता खांद्याला लावून पूर्ण लोडचे पन्नास बार काढणारा माणूस शेवटचे वीस डोळे मिटूनच काढतो.

इथे धोका एक मोठा आहे. जलद जळणारी शॉटगनची किंवा पिस्तुलाची दारू या मोठ्या पुंगळीत अर्ध्यापर्यंतही येत नाही. म्हणजे एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती मावते, वरून कळतही नाही. रायफल फुटण्याची ही नेहमीची गोष्ट. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करा, दारू घातली की टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावून पातळी सारखी आहे का ते बघा, आणि मगच गोळी बसवायला हात लावा. मध्येच कुणी हाक मारली तर ती आख्खी रांग ओतून पुन्हा सुरू करा. मनाला खात्री देणारी दारू हवी असेल तर जागा जास्त व्यापणारी घ्या. हॉजडन कंपनी आपल्या एच-४८९५ दारूसाठी कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायला परवानगी देते, ते या कामाला सोपे आहे आणि चुकून दुहेरी भरणा झालाच तर दारू सांडण्याची शक्यता वाढते, म्हणजे चूक दिसते. याउलट सावकाश जळणारी दारू स्वतःच्या मनाने कमी करू नका. ती अर्धवट पेटून गोळी नळीत अडकू शकते, कधी दाब अचानक भलताच चढतो. आवाज फुसका वाटला तर दुसरा बार न काढता आधी नळी रिकामी आहे का ते पाहा.

हलक्या लोडने निशाण खाली जाईल अशी भीती असेल तर उलट फायदाच होतो. या रायफलींच्या साइट लांब पल्ल्यासाठी बसवलेल्या असतात आणि जवळच्या निशाणावर पूर्ण लोड वर लागतो. स्वीडिश मॉडेल ९६ मॉझरची सगळ्यात खालची खूण ३०० मीटरची, पहिल्या महायुद्धातल्या गेवेर ९८ ची ४००. पन्नास-शंभर मीटरवर हलका लोड बऱ्याचदा आपोआप मध्यावर येतो. तुमच्या दोघींबाबतीत बार करूनच पाहावे लागेल.

ज्यांच्याकडे मॉझरसारखी बिनकडेची, खांद्यावर अडणारी काडतुसे आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे. अगदी हलक्या लोडमध्ये प्रायमरचा झटका पुंगळीला पुढे ढकलतो आणि दाब कमी असल्याने ती परत मागे ताणली जात नाही. दर बाराला खांदा थोडा मागे जातो. त्या पुंगळ्या हलक्या लोडसाठीच कायम वेगळ्या ठेवाव्यात, पूर्ण लोडला कधीच वापरू नयेत. ८×५७ च्या, म्हणजे ८ मिलिमीटर मॉझरच्या, पुंगळ्या अमेरिकी थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाच्या पुंगळ्या आखूड करून बनवता येतात आणि त्या स्वस्त पडतात, पण मानेची जाडी तपासावी आणि पुंगळीवर मूळ शिक्का तसाच राहतो हे विसरू नये. डबा ठळक वेगळा ठेवावा. ८ मिलिमीटर मॉझरच्या जुन्या नळ्या ०.३१८ इंचाच्याही असतात, ०.३२३ ची गोळी त्यांत धोक्याची. एम-१ गॅरांड या अमेरिकी अर्धस्वयंचलित रायफलवाल्यांनी हलक्या लोडच्या वाटेला न जाता तिच्या गॅस यंत्रणेला चालणारी मध्यम वेगाची दारूच वापरावी. आणि ८,००,००० खालच्या क्रमांकाच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या १९०३ मॉडेलच्या रायफली मुळीच झाडू नयेत, त्यांचे रिसिव्हर (बोल्ट आणि नळी धरणारा मुख्य भाग) ठिसूळ निघाले आहेत.

प्रेस साधा, एका डायचा घ्या. दर खेपेला दांडा ओढला की एक काडतूस बाहेर टाकणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस पिस्तुलाची काडतुसे शेकड्यांनी लागणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला एका बैठकीत चाळीस-पन्नास पुरतील, आणि प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारायची तर ती ठोकळ्यावर उभीच हवी. जागा नसेल तर हातोडीने ठोकायचा ली लोडरही थ्री-नॉट-थ्रीला चांगला. तो फक्त मान आवळतो, आणि तुमच्या पुंगळ्यांना नेमके तेच हवे आहे. त्याच्यासोबत येणारा दारूचा चमचा मात्र वजनाच्या काट्यावर तपासल्याशिवाय वापरू नका.

काटा, कॅलिपर आणि मॅन्युअल या तीन गोष्टी जुन्या घेतल्या तरी चालतील असे लोक सांगतात. काटा जुना चालेल, तुळईचा असेल तर उलट बरा. चाचणीची वजने मात्र सोबत हवीत. मॅन्युअल जुने घेऊ नका. दारूची नावे तीच राहतात, मापे नव्याने मोजून छापली जातात. हे घेऊन झाले की आधी आत्ता तुमच्याकडे असलेल्या पुंगळ्यांत क्लिपचा आकडा घाला. किती टिकतात त्यावर नव्या किती लागतील ते ठरेल.